सायलेन्सरच्या पलीकडचा हिशेब

टर्बो इंजिनाची गाडी ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. एक ते दीड लिटरचे छोटे पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेला टर्बोचार्जर आणि मोठ्या इंजिनाला लाजवेल असा पिकअप, अशा गाड्या मध्यमवर्गाच्या सोसायट्यांमध्ये सर्रास दिसतात. याच काळात पेट्रोलमधले इथेनॉलही वाढत गेले. २००३ साली पाच टक्के मिश्रणाने सुरू झालेला कार्यक्रम जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचला. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी शुद्ध इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' आणले. नावात शंभर असले तरी त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, पाच टक्के पेट्रोल आणि उरलेले सहविद्रावक असते.

या दोन गोष्टी एकत्र आल्यावर हौशी गाडीमालकांच्या मनात तिसरी गोष्ट येणारच होती: आपली टर्बो गाडी पूर्णपणे इथेनॉलवर करून घेता येईल का? गॅरेजमध्ये या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीत मिळते. 'होईल की, शिवाय ताकदही वाढेल!' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण गाडी एकाची असली तरी तिचा धूर सगळ्यांचा असतो. त्याचा हिशेब कधीतरी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, दम्याच्या पंपासाठी आलेल्या मुलाच्या छातीत मांडावा लागतो.

इथेनॉल आणि टर्बो यांचे इतके का जमते, हे आधी समजून घ्यायला हवे. टर्बोचार्जर इंजिनात जास्त हवा कोंबतो. दाबलेली हवा तापते. त्या तापलेल्या हवेत मिसळलेले पेट्रोल कधी कधी ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटते. मेकॅनिक ज्याला 'नॉकिंग' म्हणतात ते हेच. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो आणि फार काळ चालू राहिले तर पिस्टन फुटतो. टर्बो इंजिनाची ताकद किती वाढवता येईल, हे मुख्यतः या नॉकिंगवर ठरते.

इथेनॉल दोन बाजूंनी नॉकिंगला अटकाव करते. त्याचा ऑक्टेन अंक १०८च्या आसपास, म्हणजे पंपावरच्या साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. शिवाय त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. ताप आलेल्या रुग्णाचे अंग ओल्या फडक्याने पुसल्यावर ते गार पडते, त्याच न्यायाने इंजिनात शिरणारी हवा गार होते. हवा गार झाली की टर्बोचा दाब वाढवता येतो, ठिणगी थोडी आधी टाकता येते, आणि तेच इंजिन जास्त जोर लावते.

नॉकिंगवर उपाय शोधण्याची माणसाची ही पहिली वेळ नाही. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे जे उत्तर निवडले गेले ते वैद्यकाच्या इतिहासातले एक काळे पान ठरले. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सचे अभियंता थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने नॉकिंग थांबते असे आढळले. अल्कोहोलनेही ते थांबते, हे मिजलींना ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकत होते, शिशाच्या संयुगावर मात्र मक्तेदारी मिळवता येत होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या प्रयोगशाळेत या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. १९२५ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी शिशाविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर गेले आणि पिढ्यान् पिढ्या मुलांच्या रक्तात शिसे साठत राहिले. भारतात ते पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडले. जगातला शेवटचा देश, अल्जिरिया, त्यातून बाहेर पडला तो २०२१ मध्ये.

या इतिहासाचा अर्थ इथेनॉल म्हणजे नवे शिसे, असा मुळीच नाही. इथेनॉल शिशाच्या पासंगालाही पुरणार नाही इतके सौम्य आहे. शिकण्यासारखे आहे ते वेगळेच. इंजिनातला प्रश्न सुटला की काम झाले, असे मानायची सवय महागात पडते. सायलेन्सरमधून बाहेर काय येते हे मोजण्याआधीच गाड्या रस्त्यावर धावू लागतात, आणि मोजायचे काम पुढे डॉक्टरांवर येऊन पडते.

आता गाडीकडे वळू. पेट्रोलवर बेतलेल्या टर्बो इंजिनात नुसते इथेनॉल ओतून भागत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावे लागते. ८५ टक्के इथेनॉलच्या मिश्रणात हे प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त भरते. लिटरमागे ऊर्जाही तितक्याच हिशेबाने कमी असल्याने जी गाडी पेट्रोलवर १५ किलोमीटर धावते, तिला या मिश्रणावर ११च्या आसपास समाधान मानावे लागते. त्यासाठी मोठे इंजेक्टर, जास्त क्षमतेचा इंधनपंप, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि सील, टाकीत इथेनॉल किती आहे हे ओळखणारा सेन्सर आणि इंजिनाच्या संगणकाचे नवे गणित, इतके सगळे लागते.

यातल्या सेन्सरला फाटा देण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याविनाही गाडी चालू होते. पण पेट्रोलच्या गणितावर चालणाऱ्या इंजिनात इथेनॉल भरले तर मिश्रण पातळ पडते. ऑक्सिजन सेन्सर काही मर्यादेपर्यंत सावरून घेतो, पुढे इंजिन अडखळते आणि न जळलेले इंधन बाहेर जाते. उलट प्रकार त्याहून वाईट आहे. इथेनॉलसाठी दाब आणि ठिणगी वाढवून ठेवलेल्या गाडीत, लांबच्या प्रवासात इथेनॉल मिळाले नाही म्हणून साधे पेट्रोल भरले, तर नॉकिंगने इंजिन घाटातच मान टाकू शकते. ब्राझीलमधल्या कोट्यवधी गाड्या पेट्रोल आणि इथेनॉल यांच्या कोणत्याही मिश्रणावर चालतात, कारण त्या कारखान्यातूनच तशा बनून येतात. तिथे १९७५ पासून अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १९७९ मध्ये केवळ अल्कोहोलवर चालणारी गाडी बाजारात आली आणि २००३ मध्ये दोन्हींवर चालणारी. त्यामागे अनेक वर्षांची चाचणी आहे. शनिवारी दुपारी लॅपटॉप जोडून केलेल्या 'रिमॅप'ला ती सर नाही.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. 'ई-२०साठी योग्य' असा शिक्का असलेली गाडी ८५ किंवा १०० टक्के इथेनॉललाही योग्य असते, असे नाही. तो शिक्का २० टक्क्यांपुरताच आहे.

आता आरोग्याचा मुद्दा. इथेनॉलच्या बाजूने जमेचा रकाना खरोखर मोठा आहे. पेट्रोलमधले बेन्झीन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरते. जितके पेट्रोल कमी, तितके बेन्झीन कमी. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१च्या अहवालात नोंदवले की २० टक्के मिश्रणाने चारचाकींतला कार्बन मोनॉक्साइड सुमारे ३० टक्क्यांनी आणि दुचाकींतला सुमारे ५० टक्क्यांनी घटतो. टर्बो इंजिनांच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. यातल्या बऱ्याच इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, आणि अशा इंजिनांतून काजळीचे अतिसूक्ष्म कण जास्त निघतात. इथेनॉल वाढले की ही काजळी कमी होते. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जाऊ शकतात, त्यामुळे हा फायदा किरकोळ नाही.

खर्चाच्या रकान्यात पहिले नाव असिटाल्डिहाइडचे. दारू प्यायल्यावर यकृतात तयार होणारे आणि दुसऱ्या दिवशी डोके धरायला लावणारे रसायन हेच. इथेनॉल अर्धवट जळले की तेच सायलेन्सरमधून बाहेर येते, आणि न जळता बाहेर पडलेल्या इथेनॉलपासून हवेतही तयार होते. डोळे, नाक आणि घसा यांना ते झोंबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना 'माणसात कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या पदार्थांत केली आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालाने असिटाल्डिहाइड वाढल्याचे मान्य केले, मात्र नियमांत मोजल्या जाणाऱ्या प्रदूषकांच्या तुलनेत ते कमी असल्याचेही म्हटले. हा निष्कर्ष १० आणि २० टक्के मिश्रणापुरता आहे. ८५ टक्क्यांच्या घरगुती रूपांतरावर तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

दुसरा मुद्दा ओझोनचा. आकाशात उंचावर तो ढाल असतो, जमिनीलगत मात्र फुप्फुसाला जाळणारा वायू. धुरातली सेंद्रिय रसायने आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की तो तयार होतो. त्यामुळे दुपारी, मोकळ्या मैदानात, मुले खेळत असताना तो जास्त असतो. श्वासनलिका सुजते आणि दम्याचा झटका येतो. भारताच्या निकषानुसार आठ तासांच्या सरासरीत ओझोन घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

साओ पावलो या शहराने या बाबतीत जगाला एक आयताच प्रयोग दिला. २००९ ते २०११ या काळात इथेनॉल महाग झाल्याने तिथल्या लाखो चालकांनी आपल्या त्याच गाड्यांत पेट्रोल भरायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ अल्बर्टो साल्व्हो आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ गायगर यांनी २०१४ मध्ये दाखवले की या बदलानंतर शहरातला ओझोन सुमारे २० टक्क्यांनी घटला. म्हणजे इथेनॉल स्वच्छ आणि पेट्रोल घाणेरडे, हे साधे समीकरण कोलमडले. पण २०१७ मध्ये त्याच शहरातल्या हवेच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की पेट्रोल वाढल्यावर अतिसूक्ष्म कण जवळपास एकतृतीयांशाने वाढले होते. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. पुणे, नागपूर वा मुंबईची हवा साओ पावलोसारखीच वागेल असे गृहीत धरता येत नाही. ऊन वेगळे, डिझेलचे प्रमाण वेगळे, दुचाकींची संख्या वेगळी. म्हणूनच इथे स्वतंत्रपणे मोजायला हवे.

या सगळ्या हिशेबात एक भाग मात्र निर्विवाद आहे, आणि तो म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला हा छोटा डबा तापल्यावर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेल्या इंधनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग निष्प्रभ करतो. असिटाल्डिहाइडही त्यातच मोडते. गाडी नुकतीच चालू केल्यावर तो थंड असतो, म्हणून पहिल्या काही मिनिटांत बाहेर पडणारा धूर सर्वांत वाईट. इथेनॉल थंडीत नीट वाफ होत नसल्याने ही मिनिटे आणखी वाईट ठरतात.

आणि हौशी रूपांतरात पहिला बळी याच डब्याचा जातो. टर्बोपुढचा धुराचा मार्ग मोकळा केला की टर्बो लवकर फिरतो, आवाज भरदार येतो, चार अश्वशक्ती जास्त मिळतात. म्हणून 'कॅट' काढून सरळ पाइप बसवला जातो, आणि वर गाडी इथेनॉलवर चालते म्हणून ती 'हरित' असल्याचे सांगितले जाते. हे म्हणजे गोड सोडले म्हणून इन्सुलिनही बंद करण्यासारखे आहे. कन्व्हर्टर काढलेली इथेनॉलची गाडी कन्व्हर्टर असलेल्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हवेला जास्त घातक असते. इंधन कोणते याहून कन्व्हर्टर जागेवर आहे का, हा प्रश्न फुप्फुसाच्या दृष्टीने आधीचा आहे.

गॅरेजमध्ये आणि घरात घ्यायची काळजी हाही आरोग्याचाच विषय. इथेनॉलचा पंप जवळ नसला की लोक कॅनमध्ये साठा करतात. पेट्रोलच्या बंद कॅनमधली वाफ एरवी इतकी दाट असते की आतल्या आत पेट घेत नाही. इथेनॉलची वाफ मात्र खोलीच्या तापमानाला नेमकी पेट घेण्याजोग्या प्रमाणात असू शकते. त्याची ज्योत निळसर आणि फिकट असते, भर उन्हात सहज दिसत नाही. आग लागली हे कळायच्या आत कपडे पेटतात, आणि भाजल्याच्या जखमा सगळ्यांत जास्त हात आणि चेहऱ्यावर होतात. बंद खोलीत इंजिन चालू ठेवून 'ट्यूनिंग' करणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते आणि माणूस निपचित पडतो.

नळी तोंडाने ओढून टाकीतले इंधन काढण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला रासायनिक सूज येते. अशा माणसाला उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर इंधन पुन्हा श्वासनलिकेत जाते. त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

सर्वांत मोठा धोका नावांच्या गोंधळात आहे. टर्बोच्या हौशी मंडळींत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची पद्धत आहे. इथेनॉल आणि मिथेनॉल या नावांत एका अक्षराचा फरक, वास जवळपास सारखा. पण मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याची नस जाळते. दहा मिलिलिटरने दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटरच्या आसपास जीव. लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसतात, तोवर माणूस बरा आहे असेच वाटते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. इंधनाचे इथेनॉलही पिण्याचे नसते, त्यात पेट्रोल आणि इतर द्रव्ये मिसळलेली असतात. शीतपेयाच्या बाटलीत भरून फळीवर ठेवलेले यातले कोणतेही रसायन हा टाळता येण्याजोगा अपघात आहे.

व्यापक चित्रात उसाचाही विचार हवा. नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे साखरेपासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. आसवनीतून प्रत्येक लिटरमागे कित्येक लिटर स्पेंट वॉश बाहेर पडतो, आणि तो नीट न जिरवता ओढ्यात सोडला तर गावच्या विहिरी तांबड्या होतात. महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याला हे सांगायला नको.

तर मग गाडी इथेनॉलवर करावी की नाही? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने इंधन बदलायला दार उघडे ठेवले आहे, पण त्याला अटी आहेत. किट मान्यताप्राप्त हवे आणि बदलाची नोंद गाडीच्या नोंदणी पुस्तकात हवी. अशा चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्यातच आहे. ज्याला इथेनॉलची गाडी हवी, त्याने कारखान्यातूनच तशी बनलेली गाडी घेणे उत्तम. तशी तूर्त परवडत नसेल, तर मान्यता नसलेल्या रिमॅपच्या मागे लागण्यापेक्षा आहे ती टर्बो गाडी ठरलेल्या इंधनावर, टायरची हवा आणि तेल वेळेवर तपासत चालवणे शहाणपणाचे.

सरकारच्या वाट्याची कामेही स्पष्ट आहेत. ब्राझीलने १९९२ पासून गाड्यांच्या धुरातल्या अल्डिहाइडवर मर्यादा घातली आणि पुढे ती कडक करत नेली. भारतातल्या पीयूसी तपासणीत अल्डिहाइड मोजलेच जात नाही, आणि कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे वाकून बघितलेही जात नाही. वाकून बघायला एक पैसाही लागत नाही, ते उद्यापासून सुरू होऊ शकते. अल्डिहाइड आणि ओझोन यांची नियमित मोजणी आणि त्या आकड्यांची रुग्णालयांतल्या दम्याच्या नोंदींशी सांगड, हे पुढचे पाऊल. शिशाच्या वेळी हे आकडे हाती यायला पन्नास वर्षे लागली होती. इथेनॉलच्या बाबतीत मोजणी आणि विक्री एकाच वेळी सुरू ठेवणे अजून शक्य आहे.